पाडकामाआधी इमारतीची अ‍ॅस्बेस्टॉस तपासणी: पुण्यातील सोसायट्या, वाडे आणि कारखान्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूड, सहकारनगर, एरंडवण्यात सोसायट्या पुनर्विकासाला जात आहेत, पेठांतले वाडे उतरवले जात आहेत, भोसरी-चिंचवडच्या जुन्या शेड्स मोकळ्या होत आहेत. करारनामा, भाडे, पार्किंग यांवर महिनोन्‌महिने चर्चा होते. पण इमारतीत अ‍ॅस्बेस्टॉस आहे का, हा प्रश्न पोकलेन दारात येईपर्यंत बहुतेक ठिकाणी कोणी विचारत नाही. अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे सिमेंट पत्रे, पाइप आणि उष्णतारोधक लेप यांत वापरलेले, बारीक तंतूंचे घातक खनिज. सोसायटीच्या कमिट्या, वास्तुविशारद, कारखानदार आणि पाडकाम ठेकेदार यांच्याकडून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

आमची इमारत फार जुनी नाही. तरी तपासायला हवी का?

हो. ज्या देशांत अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे तिथे बांधकामाच्या वर्षावरून अंदाज करता येतो. ब्रिटनमध्ये ही बंदी १९९९ साली आली, त्यामुळे २००० नंतरच्या इमारतींची तिथे फारशी चिंता नसते. आपल्याकडे तसा आधार नाही. पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचे, म्हणजे क्रायसोटाइलचे, सिमेंट पत्रे भारतात कायदेशीरपणे बनत आणि विकले जात आले आहेत. मूळ इमारत १९७८ ची आणि गच्चीवरची शेड २०१० ची असेल, तर शेडच जास्त संशयास्पद असू शकते. म्हणून वर्ष बघून इमारत वगळू नका. नंतर झालेली प्रत्येक वाढीव बांधणी वेगळी मोजा.

नेमके कुठे शोधायचे?

छप्पर सगळ्यांच्या लक्षात येते. राहून जातात त्या बाकीच्या जागा.

निवासी सोसायटीत पाहायच्या जागा: गच्चीवरची आणि पार्किंगची शेड, जिन्याच्या वरच्या टोकाचे छप्पर, सज्जावर नंतर टाकलेले पत्रे, पावसाच्या पाण्याचे राखाडी सिमेंटचे उभे पाइप, संडासाच्या डक्टमधले व्हेंट पाइप आणि त्यांच्या टोकावरची टोपी, गच्चीवरच्या जुन्या सिमेंटच्या टाक्या. डक्टमध्ये नंतर पीव्हीसी पाइप बसवताना जुना पाइप बऱ्याचदा काढलाच जात नाही, तो मागे भिंतीला तसाच उभा असतो. मीटरच्या खोलीत जुन्या स्विचबोर्डमागे किंवा फ्यूजच्या खोबणीत राखाडी, पुठ्ठ्यासारखी शीट किंवा विणलेली पट्टी दिसली तर तिचा नमुना घ्यायलाच हवा. जुन्या लिफ्टच्या ब्रेक लायनिंगमध्येही अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते.

वाड्यांत मूळ बांधकाम लाकूड, माती, विटा आणि कौलांचे. तिथे अ‍ॅस्बेस्टॉस येते ते दुरुस्त्यांमधून. कौले उतरवून घातलेले पन्हळी पत्रे, मागच्या अंगणातले सामाईक संडास, भाडेकरूंनी खोल्या विभागण्यासाठी उभ्या केलेल्या सपाट शीट, माळ्याखाली ठोकलेले आढ्याचे अस्तर. पत्र्याचे तुकडे कपाट टेकवायला किंवा मोरी झाकायला वापरलेले असतात, तेही मोजा.

कारखान्यात काम सर्वांत अवघड असते, आणि धोकाही तिथेच सर्वांत मोठा. छत आणि बाजूचे पत्रे तर असतातच. त्याशिवाय बॉयलर, स्टीमचे पाइप, भट्टी, ओव्हन आणि चिमणी यांच्यावरचे उष्णतारोधक लेपन पाहावे लागते. पाइपच्या सरळ भागावर ग्लासवूल असले तरी एल्बो (पाइपचे वळण), व्हॉल्व्ह आणि फ्लँजवर (दोन पाइपांच्या जोडावर) हाताने लिंपलेला पांढरट लेप वेगळा असतो. तो वरून कापडात गुंडाळून रंगवलेला असल्याने निरुपद्रवी दिसतो. फ्लँजमधली गॅस्केट, भट्टीच्या दाराची दोरी, वातानुकूलन डक्टचे कॅनव्हासचे जोड, वेल्डिंगच्या जागेवरचे पडदे आणि चादरी, अग्निरोधक दारांचा गाभा हेही तपासा. ऑफिसच्या भागात जुन्या विनाइल टाइल असतील तर त्या आणि त्यांच्याखालचा काळा डांबरी गोंद, दोन्हींचा वेगवेगळा नमुना घ्या. पीव्हीसी-अ‍ॅस्बेस्टॉस फरशांसाठी आयएस ३४६१ हे स्वतंत्र भारतीय मानकच होते, म्हणजे त्या इथे सर्रास वापरात होत्या.

जमिनीखालचे पाण्याचे पाइपही विसरू नका. जोत्याच्या खोदाईत पोकलेनच्या दातांखाली ते चुरा होतात.

सिमेंटचा पत्रा नुसता बघून ओळखता येतो का?

संशय घेता येतो, खात्री करता येत नाही. जुन्या पत्र्याची तुटलेली कड उन्हात तिरकी धरून पाहिली तर सिमेंटच्या करड्या थरातून पांढरट, रेशमी केसांचे बारीक झुपके बाहेर आलेले दिसतात. बोट लावून बघायचे नाही. अडचण अशी की सेल्युलोज किंवा कृत्रिम तंतू वापरलेले, अ‍ॅस्बेस्टॉसविरहित फायबर सिमेंट पत्रेही रंगाने, जाडीने आणि पन्हळीने अगदी तसेच असतात. पत्र्याच्या पाठीवर कंपनीचा छाप किंवा आयएस ४५९ हा आकडा दिसला तर ती मोठी खूण आहे, कारण ते मानक अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या पन्हळी पत्र्यांचे आहे. छाप नसेल तर प्रयोगशाळेला पर्याय नाही. नमुना घेणे शक्य नसेल तर ‘अ‍ॅस्बेस्टॉस आहे’ असे धरूनच पुढचे काम आखा. घर्षणाचा आवाज, वजन, जाळून बघणे असले घरगुती प्रयोग करू नका.

हाच पत्रा तीस वर्षे डोक्यावर आहे. कोणाला काही झाले नाही. मग आताच भीती कशाची?

धड असलेल्या पत्र्यात तंतू सिमेंटने बांधलेले असतात. त्याखाली बसल्याने लगेच काही होत नाही, हे खरे आहे. तो फोडला, कापला, घासला, उंचावरून टाकला की ती बांधणी तुटते आणि डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत सुटतात. पाडकामात हे सगळेच एका दिवसात घडते. तंतू फुप्फुसात खोल जातात आणि शरीर त्यांना नीट बाहेर टाकू शकत नाही. त्यातून अ‍ॅस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सर्व प्रकारच्या अ‍ॅस्बेस्टॉसला, पांढऱ्यासकट, पहिल्या गटातले कर्ककारक ठरवले आहे.

हे आजार उमटायला १० ते ४० वर्षे, कधी त्याहून जास्त काळ लागतो. ‘कोणाला काही झाले नाही’ या वाक्याला त्यामुळेच काही अर्थ उरत नाही. आज पत्रे फोडणारा बिगारी पंचविशीतला असतो आणि आजार येतो तेव्हा तो कुठे असतो, हे कोणाला ठाऊक नसते.

बॉयलरच्या लेपनाची गोष्ट आणखी गंभीर. सिमेंट पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस साधारण १० टक्क्यांच्या आसपास आणि घट्ट बांधलेले असते. लेपनात ते बरेच जास्त असू शकते आणि हाताने कुस्करता येईल इतके सैल असते.

स्ट्रक्चरल ऑडिट झाले आहे. ते पुरत नाही का?

नाही. स्ट्रक्चरल ऑडिटर काँक्रीट, सळ्या आणि भार बघतो. त्याच्या अहवालात ‘एसी शीट रूफ’ (अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट पत्र्याचे छप्पर) एवढा उल्लेख असतो, तोही असला तर. नमुना घेतलेला नसतो.

तपासणी केव्हा करायची?

पाडकामाची निविदा काढण्याआधी. हे एवढे एकच लक्षात ठेवले तरी अर्धे काम झाले. पुण्यात पाडकामाचा व्यवहार बहुतेकदा भंगारावर चालतो: ठेकेदार सळ्या, दारे, खिडक्या, पत्रे यांच्या किमतीचा अंदाज घेऊन दर देतो. एकदा करार झाला की पत्रे त्याच्या हिशेबात ‘माल’ असतात आणि मग ते धोकादायक आहेत हे त्याला पटवणे म्हणजे त्याच्या खिशातले पैसे काढणे ठरते. तपासणीचा अहवाल निविदेला जोडलेला असेल तर तो दर त्याप्रमाणेच देतो.

काम दोन फेऱ्यांत करणे सोयीचे. पहिली फेरी लोक राहत असताना: दिसणाऱ्या वस्तूंची यादी, फोटो, मोजमाप. दुसरी सदनिका रिकाम्या झाल्यावर, वीज-पाणी-गॅस तोडल्यावर आणि पाडकाम सुरू होण्याआधी. या फेरीत फोडाफोड करावीच लागते. फॉल्स सीलिंग उघडणे, डक्टला भोक पाडणे, फरशी उचलणे, पाइपवरचे कापड कापणे. काहीही न उघडता केलेली तपासणी राहत्या इमारतीच्या देखभालीसाठी चालते, पाडकामासाठी चालत नाही. ‘जाता आले नाही’ असा शेरा असलेली खोली पाडण्याआधी पुन्हा तपासलीच पाहिजे.

तपासणीचे काम प्रत्यक्ष कसे चालते?

आधी कागद: मंजूर नकाशे, दुरुस्तीची बिले, कारखान्यात बॉयलरची नोंद, वाढीव बांधकामांच्या तारखा. वॉचमन आणि जुना प्लंबर यांच्याशी बोला. कोणता पाइप कधी बदलला, हे त्यांना नकाशापेक्षा चांगले माहीत असते.

मग इमारत वरून खाली घ्यायची: गच्ची, माळा, प्रत्येक मजला, डक्ट, मीटर खोली, पंप हाऊस, आवार. प्रत्येक संशयास्पद वस्तूला क्रमांक देऊन नकाशावर टिंब मारायचे, फोटो काढायचा आणि तीन गोष्टी लिहायच्या: ती किती आहे (चौरस मीटर, मीटर की नग), अवस्था कशी आहे (धड, चिरलेली की भुगा होत चाललेली) आणि तिच्यापर्यंत पोहोचून ती अख्खी काढता येईल का. दिसायला सारख्या वस्तू एका गटात टाकता येतात, पण रंग, जाडी, पन्हळ किंवा बसवल्याचा काळ वेगळा असेल तर गट वेगळा. एकाच शेडवर तीन वेगवेगळ्या वेळी बदललेले पत्रे असणे नेहमीचे आहे. त्यातला एकच तपासून सगळ्यांवर शिक्का मारणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक.

नमुना कसा घेतात? आम्हीच घेऊन पाठवला तर?

सैल लेपन, फवारलेला थर किंवा कुजलेले अस्तर असेल तर हात लावू नका, प्रशिक्षित माणूसच हवा. धड सिमेंट पत्र्याचा नमुना जमिनीवरून किंवा पक्क्या शिडीवरून हाताशी येत असेल तर काळजीने घेता येतो. पद्धत अशी:

१. इतरांना बाहेर काढा, पंखे बंद करा. विजेच्या फलकाजवळ असाल तर मेन स्विच बंद करून खात्री करा.
२. अर्धा चेहरा झाकणारा, पी१०० (अतिबारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरचा मास्क घाला. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे, दाढी असेल तर बसत नाही. साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क इथे निरुपयोगी. एन९५ वरही विसंबू नका. एकदाच वापरायचे हातमोजे आणि अंगभर झगा हवा.
३. खाली प्लास्टिक अंथरा. पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे काही थेंब टाकून फवारणीच्या बाटलीने जागा ओली करा. साबणामुळे पाणी आत मुरते, नुसते पाणी वरून ओघळते.
४. आधीच तुटलेल्या कडेपासून पकडीने दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा मोडून घ्या. ग्राइंडर, ड्रिल, करवत यांना बंदी. पाइपवरच्या लेपनाचा नमुना तज्ज्ञ पोकळ नळीने थेट धातूपर्यंत घेतो, कारण वरचा थर नंतरचा आणि आतला मूळ असू शकतो.
५. तुकडा झिपच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. बाहेरच्या पिशवीवर क्रमांक, जागा, तारीख.
६. उघडी कड रंगाने किंवा गोंदाने बंद करा. हत्यार ओल्या फडक्याने पुसा. फडके, हातमोजे, झगा आणि प्लास्टिक वेगळ्या पिशवीत बंद करा. ही पिशवी घंटागाडीत टाकायची नाही, बाकी अ‍ॅस्बेस्टॉस कचऱ्याबरोबर ठेवायची. मास्क सर्वांत शेवटी काढा.

दोन नमुन्यांच्या मध्ये हत्यार पुसले नाही तर पहिल्याचे तंतू दुसऱ्यात जातात आणि स्वच्छ वस्तू दूषित ठरते.

किती नमुने पुरेसे?

एकसारख्या सिमेंट पत्र्यांच्या गटाला एक-दोन. फवारलेल्या किंवा लिंपलेल्या थरासाठी अमेरिकी शाळांच्या नियमांतला दंडक सोयीचा आहे: सुमारे ९३ चौरस मीटरपर्यंत ३, ९३ ते ४६५ पर्यंत ५, त्यापुढे ७. हाताने लिंपलेला थर जागोजागी वेगळा निघतो, म्हणून एका नमुन्यावर ‘नाही’ म्हणता येत नाही. ‘आहे’ म्हणायला मात्र एक पुरतो.

प्रयोगशाळेचा अहवाल कसा वाचायचा?

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडा आणि ती मान्यता याच चाचणीसाठी आहे का, हे तिच्या मान्यतापत्राच्या व्याप्तीत बघा. पाण्याच्या चाचणीची मान्यता इथे कामाची नाही. घन नमुन्यासाठी सहसा ध्रुवित प्रकाशाची सूक्ष्मदर्शी, म्हणजे पीएलएम, वापरतात. अहवालात अ‍ॅस्बेस्टॉसचा प्रकार आणि अंदाजे टक्केवारी असते: क्रायसोटाइल पांढरे, अमोसाइट तपकिरी, क्रोसिडोलाइट निळे. अमेरिकेत १ टक्क्याहून जास्त असेल तर वस्तू अ‍ॅस्बेस्टॉसयुक्त धरतात. विनाइल टाइलमध्ये तंतू इतके बारीक दळलेले असतात की पीएलएममध्ये ते निसटू शकतात, म्हणून टाइलचा ‘नाही’ असा निकाल आला तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीची चाचणी मागा.

त्यापेक्षा हवाच तपासली तर?

हवेची चाचणी त्या घडीला हवेत काय आहे ते सांगते, भिंतीत काय आहे ते नाही. बंद पडलेल्या, शांत इमारतीत हवा स्वच्छच निघेल. शिवाय नेहमीच्या पद्धतीत ५ मायक्रॉनहून लांब सगळेच तंतू मोजले जातात, त्यात कापसाचेही येतात. हवेची चाचणी लागते ती काढणीच्या वेळी आणि जागा मोकळी करताना. कामगारांसाठी अमेरिकेत आठ तासांच्या सरासरीची मर्यादा ०.१ तंतू प्रति घनसेंटिमीटर आहे.

तपासणीला छपरावर चढावे लागते का?

शक्यतो नाही. सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलण्यासाठी नसतो आणि जुना पत्रा काहीही इशारा न देता फुटतो. अशा छपरातून आरपार पडून मृत्यू होतात. ‘बोल्टच्या रेषेवरून चाललं की चालतं’ हा सल्ला जिवावर बेततो. खालून, कडेच्या परांचीवरून किंवा लिफ्ट प्लॅटफॉर्मवरून बघा. चढणे अटळच असेल तर पत्र्याखालच्या किमान दोन पक्क्या आधारांवर टेकलेल्या चालण्याच्या फळ्या, खाली जाळी आणि वेगळ्या आधाराला बांधलेला पट्टा हवा. पावसाळ्यात शेवाळाने पत्रा निसरडा होतो, तेव्हा थांबा.

छपराइतकेच पन्हाळीकडे, म्हणजे छपराच्या कडेला पाणी वाहून नेणाऱ्या नालीकडे, बघा. वर्षानुवर्षांच्या पावसाने पत्र्याचा पृष्ठभाग झिजतो आणि सुटलेले तंतू पन्हाळीतल्या करड्या गाळात साठतात. ओला असेपर्यंत तो चिखल वाटतो. एप्रिल-मेमध्ये वाळला की झाडणाऱ्याच्या तोंडावर उडतो. तो गाळ ओलाच काढून अ‍ॅस्बेस्टॉस कचऱ्यात टाका.

कायदा काय सांगतो?

अ‍ॅस्बेस्टॉसची स्वतंत्र तपासणी करून मगच पाडकाम करा, असे थेट सांगणारा ब्रिटन-अमेरिकेसारखा नियम आपल्याकडे नाही. पण म्हणून मोकळे रान नाही. इमारत पाडण्याच्या सुरक्षिततेसाठी आयएस ४१३०, अ‍ॅस्बेस्टॉस कचऱ्यासाठी आयएस ११७६८ आणि अ‍ॅस्बेस्टॉस उत्पादनांच्या सुरक्षित वापरासाठी आयएस ११७६९ ही मानके आहेत. ती करारात नावानिशी घाला, म्हणजे ती ठेकेदारावर बंधनकारक होतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्यनोंदी नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांतला जो काळ नंतर संपेल तोपर्यंत ठेवायला सांगितले. आजार किती उशिरा येतो, हे न्यायालयाने त्यात गृहीत धरले आहे.

धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत टाकाऊ अ‍ॅस्बेस्टॉस आहे, मात्र उत्पादन प्रक्रियेच्या शीर्षाखाली. पाडकामातल्या पत्र्यांना ते लागू नाही, असा युक्तिवाद त्यामुळे होतो. वाद घालत बसू नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला प्रमाण आणि प्रकार कळवून लेखी मार्गदर्शन घ्या आणि माल धोकादायक समजूनच हाताळा.

ठेकेदार म्हणतो, ‘पत्रे मी नेतो, तुम्ही काळजी करू नका.’

काळजी तिथेच करायची. ते पत्रे गोठ्यावर, मजुरांच्या खोल्यांवर किंवा भंगाराच्या दुकानातून आणखी कोणाच्या डोक्यावर जातात. ‘अ‍ॅस्बेस्टॉसयुक्त वस्तूंवर ठेकेदाराचा भंगाराचा हक्क नाही’ हे कलम करारात स्पष्ट लिहा. अशा वस्तूंची काढणी दरपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून दाखवा. तसे केले नाही तर ती सर्वांत आधी वगळली जाते.

अ‍ॅस्बेस्टॉस सापडले. आता?

यंत्र लावण्याआधी ते हाताने, अख्खे काढायचे. पत्रे ओले करून त्यांना धरून ठेवणारे जे-हुक (वाकडे बोल्ट) बोल्ट कटरने तोडा, पत्रा उचलून दोरीने किंवा प्लॅटफॉर्मवरून खाली उतरवा, फेकू नका. सैल लेपनासाठी जागा प्लास्टिकने बंदिस्त करून, फिल्टर लावलेल्या पंख्याने आतली हवा गाळून बाहेर काढत काम करावे लागते. हे पत्र्याच्या ठेकेदाराचे काम नव्हे. कोरडे झाडणे आणि साधा व्हॅक्यूम दोन्ही बंद, ओले पुसणे किंवा हेपा (अतिबारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्यूमच.

पत्रे दोन थर जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टीने बंद करा आणि मराठी-हिंदीत इशारा चिकटवा. वजनाचा अंदाज आधी काढा: पन्हळी पत्रा चौरस मीटरला साधारण १३ ते १५ किलो. १० बाय २० मीटरच्या शेडवर उतार आणि एकमेकांवर चढलेल्या कडा धरून ३ टनांहून जास्त माल निघतो.

महापालिकांची राडारोडा प्रक्रिया केंद्रे, पुण्याचे वाघोलीला आणि पिंपरी-चिंचवडचे मोशीला, ही त्यासाठी नाहीत. तिथे राडारोडा दळून खडी आणि वाळू करतात. एक डंपर पत्रे त्यात मिसळले तर तंतू पुढे पेव्हर ब्लॉकपर्यंत पोहोचू शकतात. धोकादायक कचऱ्याचे विल्हेवाट केंद्र रांजणगाव एमआयडीसीत आहे. तिथे माल घेण्याबाबत आधी लेखी संमती घ्या, अधिकृत वाहतूकदार लावा आणि फॉर्म १० चे मॅनिफेस्ट (कचऱ्याच्या वाहतुकीचा नोंदीचा कागद) सांभाळा. केंद्राची सहीची प्रत परत आल्याशिवाय ठेकेदाराचे शेवटचे बिल देऊ नका.

पाडकाम सुरू असताना अचानक काही संशयास्पद निघाले तर?

पोकलेन आणि ब्रेकर लगेच थांबवा. ढीग हलवू नका, बारीक फवाऱ्याने ओला करून प्लास्टिकने झाका. जोराच्या पाइपने मारा केला तर गाळ आवारभर पसरतो. भोवती दोरी बांधून मजुरांना वारा जिकडून येतो त्या बाजूला न्या. ज्यांच्या अंगावर धूळ बसली आहे त्यांचे कपडे झटकू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसून ते काढून पिशवीत बंद करा. धुवायला घरी नेऊ नका, त्या धुळीने घरच्यांनाही धोका असतो. मग नमुना घ्या. निकाल येईपर्यंत त्या भागात काम बंद. तोवर भरलेले डंपर कुठे गेले, याची चौकीदाराच्या वहीवरून यादी करा, कारण निकाल ‘आहे’ असा आला तर तो राडारोडाही शोधून परत आणावा लागेल.